वरच्या पंखाचा आकडा

अलिबागच्या एका ड्रॉइंग मास्तरांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात ही हकीकत उलटी सांगितली जाते. तिच्यात मी लबाड आणि मास्तर सरळ. ज्यांनी ती तशी ऐकली असेल त्यांनी आता माझ्याकडून ऐकावी.

मी माणगावकडचा, भात पिकवणाऱ्या घरातला. गावच्या सुताराकडं चार वर्षं फुकट राबलो आणि त्याची विद्या घेतली. पहिल्या महायुद्धात भरती निघाली तेव्हा गेलो. कारकुनानं माझ्यापुढं 'मजूर' लिहिलं. मी म्हटलं, "सुतार लिहा." तो मान वर न करता म्हणाला, "सुतारांच्या जागा भरल्या. मजूर म्हणून जायचं तर जा, नाहीतर बाजूला हो." मी गेलो. इराकात बसऱ्याला दोन महिने गोण्या वाहिल्या. एकदा एक फुटलेलं खोकं मी दगडानं खिळे ठोकून सरळ केलं. ते एका तुटक्या बोटाच्या गोऱ्या सार्जंटनं पाहिलं आणि मला विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये नेऊन हातात रंधा दिला. पुढं दीड वर्ष मी लढाईतल्या विमानांचे पंख दुरुस्त केले. कागदावर मात्र सुटका होईपर्यंत मजूरच राहिलो.

तोवर मला वाटायचं की विमान लोखंडाचं असणार. जवळ जाऊन पाहिलं तर आमच्या सुतारकामाचंच काम. लाकडाच्या फासळ्या, त्यांवर ताणून शिवलेलं कापड, कापडावर उग्र वासाचं रोगण. टेहळणीचं दोन माणसांचं विमान असे, त्याला एकावर एक असे दोन पंख. आमच्या बाकावर फक्त खालचे पंख यायचे, कारण उतरताना दगडगोटे त्यांनाच लागत. वरचे पंख शेडच्या दुसऱ्या टोकाला, फिटर लोकांच्या बाकावर. एका बाकावरच्यानं दुसऱ्या बाकावर जायचं नाही असा सक्त नियम होता. मजुराला मोजपट्टी मिळत नसे. मी वितीनं मोजायचो. फासळीपासून फासळी एक वीत आणि चार बोटं. खालचा पंख माझ्या हाताला असा पाठ झाला होता की डोळे मिटून करून दिला असता. वरचा पंख खालच्याहून लांब, एवढंच माहीत होतं. किती लांब, ते नाही.

परत येऊन मी अलिबागेत लाकडाची वखार टाकली. धंदा बसला. पण बसऱ्याची गोष्ट कोणाला सांगितली की समोरचा आधी हसायचा. कचेरीतल्या एका शिपायानं माझा सुटकेचा कागद पाहिला होता आणि 'मजूर' हा शब्द बाजारभर वाटला होता. "विमानं कसली, खेचरं हाकली असतील," असं माझ्याच गिऱ्हाइकांनी माझ्याच ओट्यावर बसून म्हणावं! एकाला मी हातातल्या गजासकट रस्त्यापर्यंत पोचवला. त्यानं हसणारे कमी झाले नाहीत, फक्त वखारीच्या बाहेर हसू लागले.

तेव्हा ठरवलं की ते विमान करून दाखवायचं. खेळणं नव्हे. फुटाला अर्धा इंच धरून, फासळीला फासळी लावून, हुबेहूब. ज्यानं ते पाहिलंय त्यानं पाहावं आणि सांगावं की हा माणूस त्या शेडमध्ये होता.

पहिली दोन विमानं वाया गेली. पण त्यांच्यामुळं छंद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. बाकीची विमानं वर्तमानपत्रातल्या चित्रांवरून केली, एका माणसाची लढाऊ, बाँब टाकणारी, पाण्यावर उतरणारी. विकलं एकही नाही. अंगाला पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते हलकं आणि सुरीखाली मऊ. फासळ्यांना नारळाच्या झावळीचे हीर. चाकांना दिवेआगरची सुपारी, आडवी कापून घासलेली. ती मी एकेक हातात घेऊन निवडायचो, कारण वाडीवाल्यानं 'सगळी सारखी' म्हटलं की मला तिच्यात किडकी दिसू लागते. पंखांमधल्या तारांऐवजी टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचे केस. कापड मलमलीचं, त्यावर भाताची खळ. पावसाळ्यात खाऱ्या हवेनं मलमल सैल पडायची, म्हणून ती विमानं चुलीच्या वर टांगावी लागत.

"सुकटीच्या शेजारी इमानं!" बायको म्हणायची. पंखांवरच्या गोलांना निळा रंग कपड्यांच्या निळीचा आणि लाल रंग कुंकवाचा, हे तिला कळलं त्या दिवशी तिनं करंडा उचलून ट्रंकेत घातला. "लढाईच्या इमानाला माजं कुकू? परत हात लावाल तर बगा."

मास्तर याच सुमारास आले. शाळेत नवे ड्रॉइंग मास्तर, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या असलेल्या घरातले. गोरे, बारीक, बोलणं हळू. पांगाऱ्याचा एक तुकडा मागायला वखारीत आले आणि वर टांगलेलं विमान पाहून थबकले.

"हे कोणी केलं?"

"मी."

"चाकं सुपारीची आहेत की काय?"

"हो. खाऊ नका म्हणजे झालं."

ते हसले. त्यांनाही हाच नाद होता. पुठ्ठ्याची विमानं करायचे. हात फार नाजूक, रंग तर छापल्यासारखा. त्यांच्याकडं मुंबईहून एक इंग्रजी मासिक यायचं, त्यात विमानांचे नकाशे मापांसकट असत. पण विमानाच्या आत काय असतं, कापड फासळीला कसं शिवतात, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. मला आतलं माहीत आणि बाहेरचं अर्धवट. त्यांना बाहेरचं सगळं आणि आतलं शून्य. सौदा आपोआप ठरला, एका मापाला एक माप. मासिक दाखवा म्हटलं तर म्हणाले, "ते माझ्या एकट्याचं नाही, दोघांत मागवतो. बाहेर नेता येत नाही." मला इंग्रजी येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी बाहेर का नेता येत नाही? हा प्रश्न मी तेव्हाच मनात टाचून ठेवला.

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. लाकूड असो, सुपारी असो, आमच्या किनाऱ्यावर पहिला आकडा कोणी खरा सांगत नाही. सांगणारा वर थोडं ठेवतो, ऐकणारा थोडं कापतो, आणि दोघांना जिथं पटतं तिथं हातावर हात मारतात. हात मारला की तो आकडा पक्का. मग त्यावर कोणी बोलत नाही. यात खोटेपणा नाही. दोघांनाही रीत माहीत असते.

मास्तरांनी पहिल्यांदा फासळ्यांमधलं अंतर विचारलं. मी सांगितलं, "एक वीत, सहा बोटं."

आठ दिवसांनी आले. "शेठ, तुमची वीत जरा मोठी आहे का हो?"

"का?"

"तुमच्या मापानं फासळ्या मांडल्या तर शेवटची फासळी पंखाच्या बाहेर जाऊन पडते. समुद्रात."

"मग पाच बोटं धरा."

"चार."

"बरं, चार." मी हात पुढं केला. त्यांना काय करायचं ते कळेना. मी सांगितलं, मग त्यांनी बिचकत हातावर हात मारला आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडं खरं मापसुद्धा भाव करून घ्यावं लागतं!"

हे त्यांचे शब्द. माणूस रीत शिकला याचा हा पुरावा. नुसता शिकलाच नाही, वापरूही लागला. चाकाचं माप सांगताना त्यांनी वर चार इंच ठेवले. मी चार कापले. ते हसले, हात मारला, माप बरोबर निघालं. शेपटाच्या उंचीचं तसंच. दोन वर्षं आमचा सौदा असा चालला होता आणि एकदाही चुकला नव्हता.

मग मी वरच्या पंखाचा आकडा मागितला.

एका रविवारी सकाळी ते ओट्यावर चहा पीत बसले होते. मी विचारायचा अवकाश, बशी तोंडाशी असतानाच ते म्हणाले, "बेचाळीस फूट सात इंच."

एवढा चटकन आकडा! आणि बदल्यात काही मागणं नाही. जो बदल्यात काही मागत नाही त्याच्या मालात खोट असते, हे मी तीस वर्षांच्या धंद्यावरून सांगतो. मी म्हटलं, "अडतीस."

"बेचाळीस फूट सात इंच, शेठ."

"एकोणचाळीस."

"छापलेलं आहे हो."

"छापलेलं मला दाखवता का?"

त्यांनी मग बशी खाली ठेवली.

"चाळीस," मी म्हटलं, आणि हात पुढं केला.

ते माझ्या हाताकडं पाहत राहिले. तोंडावर बारीक हसू आलं. म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या मनाला पटतं ते धरा." आणि हातावर हात मारला.

तो हात त्यांनी चाळीसवर मारला. हे मी परत लिहितो, कारण गावातल्या हकीकतीत हा हात नाही.

त्या चाळीस फुटांवर मी वीस इंचांचा पंख केला. तीन वर्षं लागली. दिवसा वखार आणि सकाळी उजाडल्यापासून दुकान उघडेपर्यंत विमान. एका बाजूला एकोणीस हीर, दुसऱ्या बाजूला एकोणीस, प्रत्येक हीर तापवून वाकवलेला. कापड शिवायला मी स्वतः सुई घेतली, बसऱ्याला जसा टाका घालायचो तसाच घातला. मास्तर दर महिन्याला यायचे, विमान दोन्ही हातांत धरायचे, उजेडाकडं फिरवायचे. "शिवण सुंदर आहे," म्हणायचे. "चाकं छान." पंखाच्या लांबीबद्दल अक्षर काढलं नाही. मी डोळ्यात तेल घालून त्यांच्या तोंडाकडं पाहायचो. पण मी शोधत होतो तो मत्सर. हसू मी शोधत नव्हतो.

अलिबागेत शेतकी आणि उद्योगधंद्यांचं प्रदर्शन भरलं. भाताच्या लोंब्या, मोठाले कोहळे, जाळी, मिठाचे नमुने, आणि एका टेबलावर हातकामाच्या वस्तू. माझं विमान तिथं ठेवलं. शेजारी मास्तरांचं तेच विमान, पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं. प्रमाण निराळं असल्यामुळं शेजारी असूनही पंखांचा फरक मला दिसला नाही. मी एका पाटीवर लिहून घेतलं होतं, 'बसऱ्याच्या शेडमध्ये काम केलेल्या सुतारानं स्वतः पाहिलेल्या विमानावरून केलेलं.' ज्यांनी ज्यांनी खेचरांची थट्टा केली होती त्या सगळ्यांना मी मुद्दाम घेऊन आलो होतो.

दुपारी राजपुरीच्या बाजूचा एक मुसलमान गृहस्थ आला. मुंबईच्या गोदीत फिटर, सणाला घरी आलेला. पाटी कोणीतरी त्याला वाचून दाखवली. तो एकदम खुश झाला.

"अरे, हे तर आमचं विमान! मी होतो तिथं. वरच्या पंखाच्या बाकावर."

याच माणसासाठी तर हे केलं होतं. मी पुढं होऊन म्हटलं, "पाहा भाई, नीट पाहा."

तो वाकला. करंगळीच्या नखानं वरच्या पंखाच्या फासळ्या मोजू लागला. आजूबाजूला गर्दी झाली. एका बाजूनं मोजून झालं, दुसऱ्या बाजूनं मोजलं, परत पहिल्या बाजूला आला.

"एकोणीस आहेत," तो म्हणाला. "वीस हव्यात. दोन्हीकडं वीस. दीड वर्ष बसवल्यात मी, झोपेत विचारा."

"मोजण्यात चुकताय तुम्ही."

"चुकत नाही भाई. पंख तोकडा आहे." त्यानं पाटीकडं बोट दाखवलं आणि जराही द्वेष नसलेल्या आवाजात म्हणाला, "ज्यानं केलंय त्याचा हात चांगला आहे. पण त्यानं ते विमान पाहिलेलं नाही."

मागून कोणीतरी खेचरासारखं ओरडलं. मग सगळे हसले. कोहळ्यांच्या टेबलापर्यंत हसणं गेलं.

मी त्या वेळी शांत राहून त्याला खालच्या पंखाबद्दल विचारलं असतं, टाका दाखवला असता, सार्जंटच्या तुटक्या बोटाबद्दल बोललो असतो, तर त्यानं मला ओळखलं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी त्याच्या अंगावर गेलो. खोटारडा म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तो बिचारा मागं सरला. "माफ करा," म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो मचव्यानं मुंबईला गेला आणि पुन्हा मला सापडला नाही.

मी मास्तरांकडं वळलो. ते चार पावलांवर उभे होते. "मास्तर, सांगा यांना! आकडा कोणी दिला?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी दिला. बेचाळीस फूट सात इंच. यांच्याच ओट्यावर, दोनदा सांगितला. शेठना तो पटला नाही."

"चाळीसवर हात कोणी मारला?"

"तुम्ही पुढं केलात म्हणून मारला. मी तुम्हाला खरंच सांगितलं होतं, शेठ."

"ते खरं आहे, हे सांगितलंत का?"

यावर लोक इतके हसले की पुढचं माझं मलाच ऐकू आलं नाही. संध्याकाळी मास्तरांच्या पुठ्ठ्याच्या विमानाला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते मागत नव्हतो, आजही मागत नाही. मला एकाच माणसाच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, आणि तो माणूस मचव्यात बसून गेला होता.

घरी बायको म्हणाली, "मास्तरानं आकडा सांगितला हुता न्हवं? मंग तुमी कापलात कशाला?"

"कापायचा असतोच."

"दर येळी?"

"दर वेळी. त्यांना माहीत होतं."

"मंग तुमालाबी माहीत हाय की मास्तर शिकलेला मानूस हाय," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या या बोलण्याचा अर्थ मी अजून लावतोय.

मी गप्प बसलो नाही. दुसरं विमान केलं, वरचा पंख बेचाळीस फूट सात इंच धरून, दोन्हीकडं वीस फासळ्या. वर्षभर लागलं. ते वखारीच्या दारात टांगलं. कोणी पाहायला थांबलं नाही. जो हसायचा तो हसून झाला होता. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर रस्त्यानं चालले होते. आमचं बोलणं बंद होतं. मी लाकूड मोजत होतो. ते रस्त्यातच थांबले, वर पाहिलं, आणि सवयीनं बोलून गेले, "वा. आता लांबी बरोबर झाली."

आणि चालू लागले.

दहा हातांवरून. हातात न धरता, पट्टी न लावता, एक फासळी न मोजता! ज्याच्या डोळ्याला रस्त्यातून सव्वा इंचाचा फरक दिसतो, त्याला तीन वर्षं, दर महिन्याला, दोन्ही हातांत धरलेल्या विमानात तो दिसला नाही, असं मला कोणी सांगू नये. त्यांना पहिल्या दिवशी दिसला होता. शिवणीचं कौतुक करताना दिसत होता. चहा पिताना दिसत होता.

लोक म्हणतात, मास्तरांनी खरं सांगितलं, मग फसवणूक कुठं झाली? मी म्हणतो, सांगितलं ते एक दिवस. गप्प राहिले तीन वर्षं. चाकाच्या मापावर चार इंच वाढवणारा माणूस पंखाच्या मापावर एकाएकी सरळ होतो, आणि आपण सरळ झालोय हे समोरच्याला कळू देत नाही, याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते कोणत्याही सुपारीवाल्याला विचारा. आकडा मी कापला, कबूल. आजही कापीन. पण हात त्यांनी मारला.

मास्तर आता पेन्शनीत आहेत आणि याच गावात राहतात. हे लिहिलेलं त्यांच्या हाती पडेल अशी व्यवस्था मी केली आहे. मास्तर, तुम्हाला वाद घालायचा असेल तर बेचाळीस की चाळीस यावर घालू नका, तो संपला. मला एवढंच सांगा. छत्तीस वेळा तुम्ही माझ्या ओट्यावर बसलात, छत्तीस वेळा तो तोकडा पंख हातात धरलात. मी कशासाठी तो करतोय, लोक मला काय म्हणतात, हे तुम्हाला गावात सर्वांत चांगलं माहीत होतं. एकदा, कुठल्याही एका रविवारी, "शेठ, एक फासळी कमी आहे" एवढं म्हणायला तुम्हाला काय अडचण होती? ज्यांच्यासमोर मी हसं झालो त्यातले बरेच लोक अजून जिवंत आहेत. त्यांच्यासमोर याचं उत्तर द्या.